राखेचं कापड

आबांना घेऊन चारचौघांत जायचं म्हणजे मला घाम फुटायचा. माझे वडील सुरतेत उधन्याला पॉवरलूमवर कारागीर होते आणि कापड दिसलं की त्याला हात लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. दुकानातलं कापड असेल तर एक वेळ चालून जातं. पण आबा बँकेच्या खिडकीचा पडदा चिमटीत धरायचे, बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाची बाही धरायचे. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या फेट्याचा शेमला हातात घेतला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दोन धुनामा जाई हाऊ.” दोन धुण्यांत जाईल हा. मागांच्या खडखडाटात वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. माय त्यांच्या हातावर चापट मारायची आणि मी तोंड फिरवून दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी उभी राहायची.

आम्ही मूळचे खानदेशातले. आबा आधी एकटेच सुरतेला आले, मग माय आली, मी इथेच जन्मले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि हिंदी, असं सगळं एकाच तोंडातून चालायचं. बारावीनंतर मी टायपिंग शिकले आणि स्टेशनजवळच्या एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. गुजराती आणि इंग्रजी दोन्ही मशीनवर माझा हात चालायचा, आणि या गोष्टीचा मला जरुरीपेक्षा जास्त गर्व होता.

प्लेगच्या साली सगळी वस्ती मिळेल ती गाडी धरून गावाकडे पळाली, तसे आम्हीही पळालो आणि महिन्याभरात परत आलो. त्याच्या पुढच्या वर्षी आबांचं काम सुटलं. त्यांनी घरी सांगितलं की शेठनं जुने माग भंगारात काढले. मायनं विश्वास ठेवला, मीही ठेवला. आबा रोज आंघोळ करून, भांग पाडून बाहेर पडायचे आणि कामाची चौकशी करून आलो म्हणायचे.

दिवाळीच्या आधी घरातले कपडे धुवायला काढले, तेव्हा त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात मला एक घडी घातलेला कागद सापडला. डोळ्यांच्या मोफत शिबिराची चिठ्ठी होती. दोन्ही डोळ्यांना झामर, म्हणजे आपण काचबिंदू म्हणतो तो. खाली डॉक्टरनं लिहिलं होतं की फार उशीर झालाय, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवण्यासाठी थेंब घालावेत. चिठ्ठी चार महिन्यांपूर्वीची होती. मी मोरीत बसून ती दोनदा वाचली. मग मला सगळं कळत गेलं. मागावर हजारो तारा, म्हणजे उभे धागे असतात, त्यातली एखादी तुटली की कारागिरानं माग थांबवून ती सांधायची असते, नाहीतर कापडाच्या अख्ख्या ताग्यात रेघ पडते. आबांना तुटलेली तार दिसत नव्हती. माग भंगारात गेले नव्हते.

शर्ट धुऊन वाळल्यावर मी ती चिठ्ठी त्याच खिशात परत ठेवली, जशी होती तशीच घडी घालून. मायला सांगितलं नाही. आबांना विचारलं नाही. त्यांनी एवढं जपून लपवलंय तर आपण ते उघडं करू नये, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. ज्या माणसाचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा, तो माणूस माझ्यासमोर खाली मान घालून बसलेला मला बघायचा नव्हता.

त्यानंतर मी बारकाईनं बघायला लागले. आबांना अगदीच दिसत नव्हतं असं नाही. समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं काहीच नाही. उजेडातून सावलीत आले की ते दाराशी थांबायचे आणि उगाच खाकरायचे. माणसं आवाजावरून ओळखायचे. तांदूळ निवडायला बसत नसत. आणि कापडाला हात लावायची सवय पूर्वीपेक्षा वाढली होती. पूर्वी तो शौक होता. आता त्यांना तेवढंच धड कळत होतं, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

त्याच दिवसांत दुकानात एक म्हातारे गृहस्थ यायला लागले. साठी ओलांडलेले, पांढरा लेंगा-सदरा, सायकल. ते गुजराती होते आणि सगळा जन्म दिवादांडीवर, म्हणजे दीपगृहावर नोकरी करून निवृत्त झाले होते. मगदल्ल्याच्या पुढे, समुद्राच्या अलीकडे एक जुनी दिवादांडी होती. तिच्याशेजारी विजेची नवी उभी राहिली आणि जुनीची कामातून सुटका झाली. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या दोन रिकाम्या खोल्यांत या गृहस्थांनी लोकांकडून मागून-मागून एक छोटं संग्रहालय उभं केलं होतं. त्यातल्या वस्तूंखाली ठेवायच्या पाट्या टाईप करायला ते माझ्याकडे यायचे. एकेका पाटीवर ते अर्धा अर्धा तास बोलत. दुकानाचा मालक वैतागायचा, मला मात्र ऐकायला आवडायचं. न बघताच मला त्या दोन खोल्यांतली सगळी मांडणी तोंडपाठ झाली होती.

एक दिवस ते म्हणाले की आता पाहुणे यायला लागलेत, शाळा येतात, दाराशी एक भरवशाचा माणूस पाहिजे. दिवसा बसायचं, आलेल्यांना आत सोडायचं, संध्याकाळी कुलूप लावायचं. मी मशीनवरचे हात थांबवले आणि म्हणाले, “साहेब, माझे वडील आहेत.”

डोळ्यांचं मी सांगितलं नाही. खुर्चीवर बसायला कसली नजर लागते, असा माझा हिशेब होता. आबांची वाट पायाखालची झाली की ते सगळं सांभाळून घेतील, त्यांचा आवाज तर असा की पोरं आपोआप गप्प बसतील. मी स्वतःच त्यांच्या नावानं अर्ज टाईप केला. शांत स्वभाव, असं लिहिलं तेव्हा मलाच हसू आलं.

आबांना सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसले. मग म्हणाले, “दिवादांडीना काय करतस तठे?” मी म्हटलं, बघायला येतात लोक. “जुनी दिवादांडी दखाले?” त्यांना नवल वाटलं. पण त्या रात्री जेवताना त्यांनी मायला दोनदा सांगितलं की पोरीनं काम बघितलंय, सावलीतलं काम आहे, खुर्ची आहे. मायनं त्यांचा लग्नकार्यातला शर्ट इस्त्रीला दिला.

उत्तरायण नुकतंच झालं होतं. विजेच्या तारांवर फाटके पतंग लटकत होते आणि रस्त्यात तुटलेला मांजा पडला होता. आम्ही दोन बस बदलून गेलो. मी आबांच्या एक पाऊल पुढे चालत होते आणि सारखी कुरकुर करत होते. “काय मेली पायरी, केवढी उंच.” “हा खड्डा महानगरपालिकेला दिसत नाही का?” “दार बघा कसं बुटकं केलंय.” असं करून मी त्यांना वाट सांगत होते आणि ते कळू देत नव्हते. आबा म्हणाले, “आज तुले झालं काय? बठ्ठास्वर चिडी राहिनी.” सगळ्यांवर चिडते आहेस. मी म्हटलं, ऊन लागतंय.

संग्रहालय अगदीच लहान होतं. चुना मारलेल्या दोन खोल्या, मधे दार, खिडकीतून खाऱ्या वाऱ्याचा वास. बाहेर जुनी दिवादांडी, तिच्यावरचे काळे-पांढरे पट्टे उडालेले. साहेब दारातच उभे होते. “आवो काका, आवो,” म्हणाले आणि त्यांनी आबांचा हात हातात घेतला. तसं करण्यामागे काही कारण नव्हतं, त्यांची पद्धतच ती होती. पण माझा जीव भांड्यात पडला, कारण उंबरठा त्या हातानंच पार झाला.

पहिल्या खोलीत भिंतीवर फोटो होते, तेलाचे डबे होते, एक पितळी घंटा होती, आणि मधोमध माणसाच्या उंचीचं काचेचं भिंग. भिंग म्हणजे एक काच नाही, काचेच्या कितीतरी वर्तुळाकार पट्ट्या पितळेच्या चौकटीत बसवलेल्या. खिडकीतला उजेड त्यात शिरून भिंतीवर पसरला होता. आबा त्या उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना तो दिसत होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं, आणि मला रडू यायला लागलं म्हणून मी घंटेवरची पाटी वाचायला वळले.

दुसऱ्या खोलीत ते भिंग फिरवणारं यंत्र होतं. साहेबांनी समजावलं की दातांची चक्रं, त्यावर साखळी, साखळीला जड वजन. वजन खाली उतरत जातं तसं भिंग फिरतं, आणि ते तळाला गेलं की हातानं परत वर ओढायचं. त्यांनी कळ दाबून यंत्र चालू करून दाखवलं. आबांनी मान तिरकी केली, कान जवळ नेला आणि म्हणाले, “बंद करो साहेब.” मला वाटलं, झालं, आता हे काहीतरी बोलणार. आबा म्हणाले की एक दात घासलाय, त्या जागी आल्यावर आवाज अडखळतो, आणि खालच्या चक्राला तेल नाही. साहेबांनी यंत्र हातानं फिरवून पाहिलं. दात खरंच झिजला होता. तीस वर्षं हे यंत्र मी चालवलं, ते म्हणाले, आणि असा आवाज ऐकून ओळखायला मला तीन वर्षं लागली होती.

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “आ माणस चालशे.” हा माणूस चालेल. आबांनी ते ऐकलं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. वर्षभरात मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

साहेब इतके खूश झाले की म्हणाले, आता तुम्हाला एक गोष्ट दाखवतो, सगळ्यांना दाखवत नाही. कोपऱ्यात एका चौरंगावर जुना रॉकेलचा दिवा होता, काचेच्या झाकणाखाली. भिंगाच्या पोटात पूर्वी तोच जळायचा. त्याच्या टोकाला मेंटल होतं. लग्नाच्या वरातीत गॅसबत्तीला जी जाळीची पिशवी लावतात, तीच, फक्त मोठी. साहेबांनी ते शेवटच्या दिवशी स्वतःच्या हातानं पेटवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून वीज आली. तेव्हापासून ते मेंटल तसंच होतं. तो दिवा वरून इथे आणताना ते दोन्ही हातांत धरून एकेक पायरी उतरत आले होते. सांगता सांगता त्यांनी काचेचं झाकण उचललं आणि बाजूला ठेवलं. “जुओ, काका. निरांते जुओ.” सावकाश बघा. आणि अर्जाचा कागद आणायला ते पलीकडच्या खोलीत गेले.

आता इथे मी काय करत होते ते सांगायलाच हवं. चौरंगावर मी टाईप केलेली पाटी होती, आणि मी तिच्यातल्या चुका शोधत होते. त्या पाटीत मी स्वतः टाईप केलं होतं की मेंटल एकदा पेटवलं की त्यातला धागा जळून जातो, उरते ती फक्त राख, पण कापडाच्याच आकारात, उभ्या-आडव्या विणीसकट. आणि खाली, ठळक, हात लावू नये. एक अनुस्वार राहिला होता. मी मनातल्या मनात स्वतःवर चरफडत होते की साहेबांनी तो पाहिला असेल का.

आबा म्हणाले, “हाई त विनेल शे.”

हे तर विणलेलं आहे. त्यांच्या आवाजात केवढा आनंद होता. त्या सगळ्या पितळेत आणि काचेत त्यांना एक वस्तू सापडली होती जी त्यांच्या धंद्यातली होती. मी मान वर केली तोपर्यंत त्यांचा अंगठा आणि तर्जनी जुळली होती.

आवाज झाला नाही. मेंटल होतं तिथे काही नव्हतं. आबांच्या बोटांवर पांढरी भुकटी होती आणि थोडी चौरंगावर पडली होती. आबांनी बोटं परत घासली. मग आणखी एकदा. कापड कुठे गेलं हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी दिव्याच्या टोकाशी हलकेच चाचपून पाहिलं आणि मग हात मागे घेतला.

साहेब कागद घेऊन दारात आले. त्यांनी दिवा पाहिला. कागद खिडकीत ठेवला आणि तिथल्या स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, “कोनाथी थयुं?”

“माराथी, साहेब,” आबा म्हणाले. माझ्या हातून झालं. एवढंच. सबब सांगितली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. ते तिथेच थांबले होते, मीही थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला त्यांचं काम वाचवायचं होतं. मला वाटलं, साहेब चिडलेत, त्यांना दया आली पाहिजे. माझ्याकडे दया यावी अशी एकच गोष्ट होती आणि ती मी काढून त्यांच्यापुढे टाकली.

“साहेब, एमने देखातुं नथी,” मी म्हणाले. त्यांना दिसत नाही. “बन्ने आंखे झामर छे. डॉक्टरे लखी आप्युं छे.”

मी ते गुजरातीत बोलले, जशी काही आबांना गुजराती कळतच नव्हती. माझ्या जन्माआधीपासून ते सुरतेत राहत होते.

साहेब उठून आबांच्या जवळ आले. त्यांनी आबांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि आबा मात्र माझा आवाज आला त्या दिशेला तोंड करून उभे होते. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला हळू आवाजात म्हणाले, “हाथ तो अडी जाय, बेन. माणस छे.” हात काय, लागून जातो. त्या मेंटलचं मला वाईट वाटतंय, ते म्हणाले, पण तेवढ्यासाठी मी तुझ्या वडिलांना नाही म्हटलं नसतं. उलट इतक्या वर्षांत त्याच्याकडे कापड म्हणून पाहणारा हा पहिलाच माणूस. पण इथे शाळेची पोरं येतात, जिना चढून वर जातात, वरचा कठडा गंजलाय. दारात बसणाऱ्याला ती दिसली पाहिजेत. “आ वात तमारे पहेलां कहेवी जोईती हती.” हे तू आधी सांगायला हवं होतंस.

मग त्यांनी आम्हाला पाणी दिलं. आबांनी पाणी घेण्याआधी खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. रुमाल नीट घडी घालून परत खिशात ठेवला. खिडकीतला अर्ज मी उचलला की तिथेच राहिला ते मला आठवत नाही.

बाहेर पायरी आली तेव्हा कुरकुर करण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी म्हटलं, “आबा, पायरी.” पहिल्यांदाच तसं सरळ म्हटलं. त्यांनी पाय चाचपत खाली टाकला. बसथांब्यावर सिमेंटचा बाक होता. दोघं बसलो. बराच वेळ बस आली नाही.

“कव्हयपाईन माहीत शे तुले?” त्यांनी विचारलं. कधीपासून.

“दिवाळीपासून,” मी म्हटलं. “शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती.”

ते हं म्हणाले. मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. “मंग माले रोज पेपर कसाले देत व्हती?”

आमच्याकडे मराठी पेपर यायचा, महाराष्ट्रातून गाडीनं, म्हणून दुपारपर्यंत पोचायचा. मी दुकानातून जेवायला घरी आले की तो उचलून आबांच्या हातात द्यायची. ते चष्मा लावून खाटेवर बसायचे, पानं उलटायचे, आणि मी ताटावरून विचारायची, “काय म्हणतोय आज पेपर?” आबा सांगायचे. धुळ्याकडे केळी स्वस्त झाली, अमुक मंत्री तमुक बोलला, कुठे एस.टी. उलटली. दिवाळीनंतर मी हे मुद्दाम चालू ठेवलं होतं. एक दिवसही चुकवलं नव्हतं. पेपर दिला नाही तर त्यांना संशय येईल, आणि विचारलं नाही तर त्यांना वाटेल की पोरीला कळलं. मी त्यांची लाज राखते आहे, असं मला वाटत होतं. बातम्या ते मनानं रचतात, अशी माझी समजूत होती, आणि कधीकधी मला त्याचं थोडं हसूही यायचं.

हे मी त्यांना बाकावर कसंबसं सांगितलं. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

आबा म्हणाले, “तू इचारस म्हनीसन मी सकायले चौकमा जास. चहावालाकडे उनात बससू. कोनी तरी कालना पेपर वाची दखाडस. ध्यानमा ठेवस, आन् तुले सांगस.”

तू विचारतेस म्हणून. रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून ते बाहेर पडायचे ते याच्यासाठी. कामाची चौकशी केव्हाच संपली होती. चौकात जाऊन, कुणाला तरी विनवून, चार बातम्या वाचून घ्यायच्या, त्या घोकत घोकत भिंतीच्या कडेनं घरी यायचं, आणि दुपारी माझ्यासमोर पेपर उघडून त्या सांगायच्या. मला आनंद वाटावा म्हणून. माझ्यामुळे त्यांना रोज हे करावं लागत होतं आणि मला माहीत होतं की त्यांना दिसत नाही.

बस आली. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवला नाही. पूर्वी सोडवला असता.

घरी माय दारातच उभी होती. तिनं काही विचारायच्या आधी आबा त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “तठे जिना भलता उच्चा शे. मन्हा गुडघा काम देत नही. मीच नही म्हनी उनू.” मीच नको म्हणून आलो. माय चिडली. आयतं आलेलं काम कुणी सोडतं का, म्हणाली, पोरीनं एवढं शब्द टाकून जमवलं आणि तुम्हाला गुडघे आठवले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. खरं काय ते मी मायला सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर तिला डोळ्यांचं कळलं तेव्हाही नाही. परक्या माणसापुढे बोललेली मी, घरात मात्र गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर आला. मी तो उचलला आणि मला कळेना की काय करावं. त्यांच्या हातात देववेना. जेवण झाल्यावर मी खाटेशी बसले आणि म्हटलं, “आबा, मी वाचून दाखवू का?”

“नको,” ते म्हणाले. “तुले दुकानमा जायनं शे. पेपरवालाले सांगी दे, बंद कर.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी पुष्कळ वर्षं तो शोधला, मला तो सापडायला हवा होता. मी पेपर बंद केला. आबांनी सकाळचं चौकात जाणं बंद केलं, कारण आता दुपारी मला सांगायला काही आणायचं नव्हतं.